छापील पेपर पुन्हा लावल्यानंतर: संक्रांतीपासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

२०२५ च्या संक्रांतीच्या आठवड्यापासून आमच्या घरी पुन्हा छापील वृत्तपत्रे येऊ लागली. दोन पेपर लावले: एक राज्यभर खपणारे दैनिक, ज्याची सोलापूर जिल्ह्यासाठी वेगळी आवृत्ती निघते, आणि दुसरे सोलापुरातच छापले जाणारे जिल्ह्याचे दैनिक. आम्ही बार्शीत राहतो. मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे, घरात सासूबाई आहेत आणि मुलगा नववीत शिकतो. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पेपर टाकण्यावर काही काळ निर्बंध आले तेव्हा आमचा पेपर बंद झाला आणि पुढे निर्बंध उठले तरी तो सुरू करायचे राहून गेले. आमच्या आळीतल्या बहुतेक घरांचे असेच झाले आहे. पुन्हा पेपर लावताना डोळ्यांसमोर मुलाचे वाचन होते. पण तो चालू ठेवण्याचे कारण वेगळेच निघाले, आणि ते सविस्तर सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

काय घडले हे सर्वांत आधी कळावे यासाठी छापील पेपरचा उपयोग आता जवळजवळ उरलेला नाही. सकाळी अंक हातात पडतो तेव्हा पहिल्या पानावरची मोठी बातमी रात्रीच ठाऊक झालेली असते. परंतु कळलेल्या बातमीवर काही करायचे असेल, म्हणजे अर्ज करायचा, हरकत घ्यायची, हक्क सांगायचा, कार्यालयात जाऊन ‘असे ठरले आहे’ म्हणून दाखवायचे, तर छापील अंकाच्या तोडीचे दुसरे काही मला या काळात आढळले नाही. छापलेली ओळ त्या दिवशी सगळ्या जिल्ह्यात एकच असते, तिच्यावर तारीख असते, आणि नंतर ती कोणालाही गुपचूप बदलता येत नाही.

व्यवहाराची माहिती थोडक्यात देते. दोन्ही पेपरचे मिळून महिन्याचे बिल, विक्रेत्याच्या सेवाशुल्कासह, साडेतीनशे ते चारशे रुपयांच्या दरम्यान येते. अंक पहाटे सोलापूरहून गाडीने येतात, स्टँडजवळ विक्रेते गठ्ठे सोडून पुरवण्या आणि दुकानांची पत्रके आत घालतात आणि आपापल्या लाइनवर निघतात. आमच्याकडे साडेसहाच्या सुमारास पेपर पडतो. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टाका असे आधीच सांगून ठेवावे. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, लक्ष्मीपूजन अशा सुट्यांच्या दुसऱ्या दिवशी अंक नसतो, हे पेपरची सवय सुटलेल्या घराला नव्याने लक्षात ठेवावे लागते. लहानपणी रामेश्वरमला पेपर टाकणाऱ्या एपीजे अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस आपल्या राज्यात वृत्तपत्र विक्रेता दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी आमच्या विक्रेत्याशी बोलणे झाले. लाइन टाकायला मुले मिळत नाहीत ही त्यांची मोठी चिंता आहे, आणि ती मला संपादकांच्या चिंतेपेक्षाही खरी वाटते, कारण अंक कितीही चांगला निघाला तरी शेवटच्या गल्लीत तो पोहोचवणारा माणूस नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ आहे.

जानेवारीतच एक गोष्ट मनाला भावली. १२ जानेवारी १९३१ या दिवशी सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. जिल्ह्याच्या दैनिकात त्यांच्यावरचा लेख मुलाने वाचला आणि कुर्बान हुसेन हे स्वतः सोलापुरातून ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत असत हे त्याला प्रथमच कळले. मोबाइलवर ही माहिती नाही असे नाही. परंतु नववीतला मुलगा ती आपण होऊन शोधायला गेला नसता. छापील पानावर क्रिकेटच्या बातमीकडे जाताना ती वाटेत आली.

मे महिन्यात फरक फारच ठळकपणे दिसला. ८ मे २०२५ च्या रात्री, भारत-पाकिस्तान संघर्ष ऐन भरात असताना, अनेक वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या आणि त्याहूनही भयंकर बातम्या बेधडक सांगितल्या, त्यांच्या चित्रफिती आमच्या शाळेच्या गटापर्यंत आल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यातले बरेचसे निराधार असल्याचे उघड झाले. सकाळी दारात आलेल्या दोन्ही अंकांत यातले काही नव्हते. सरकारने अधिकृतपणे काय सांगितले, सीमेवरच्या कोणत्या गावांत काय घडले, कोणते विमानतळ बंद आहेत, एवढेच होते. याचे श्रेय केवळ संयमाला द्यावे असे मला वाटत नाही, त्यात यंत्राचाही वाटा आहे. रात्री ठरावीक वेळेला पान छपाईला सोडावेच लागते, आणि एकदा सोडले की हजारो प्रतींवरून शब्द परत घेता येत नाही. ज्याला चूक पुसता येणार नाही याची जाणीव आहे, तो मध्यरात्री आलेली ऐकीव गोष्ट पहिल्या पानावर घेताना दहा वेळा विचार करतो. आंतरजालावरची बातमी चुकली तर मथळा बदलून किंवा ती काढून टाकून वेळ मारून नेता येते, म्हणून तेथे एवढा विचार होत नाही.

शिक्षिका म्हणून मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो तिसऱ्या भाषेच्या वादात. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आणली, १७ जूनला सुधारित निर्णय आला, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे जाहीर झाले. या अडीच महिन्यांत पालकांच्या गटांवर ‘सक्ती रद्द’ आणि ‘सक्ती कायम’ असे दोन्ही मजकूर एकाच दिवशी फिरत होते, आणि एप्रिलमधली बातमी जूनमध्ये नवीन म्हणून पुढे पाठवली जात होती, कारण तिच्यावर तारीख नव्हती. जूनच्या सुधारित निर्णयात ‘सक्ती’ हा शब्द गेला होता, पण हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० विद्यार्थी तशी इच्छा दाखवणारे हवेत अशी अट होती, आणि खरा वाद या अटीचा होता. पेपरने ही अट चौकटीत वेगळी छापली होती. मी ती चौकट कापून शिक्षक-कक्षाच्या फलकावर लावली. त्यानंतर पालक विचारायला आले की त्यांना फलकापाशी नेऊन तारखेसह दाखवता येत असे, आणि बोलणे निदान एकाच मजकुरावर होत असे.

आता मोबाइलची बाजू, आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. माझे माहेर माढा तालुक्यात सीना नदीच्या काठी आहे. सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सीनेला जो पूर आला त्याने माढा, करमाळा, मोहोळ या तालुक्यांतली गावेच्या गावे पाण्यात गेली. सीना कोळेगाव धरणातून विसर्ग किती वाढतो आहे, कोणता पूल पाण्याखाली गेला, कोणत्या शाळेत लोकांना हलवले आहे, हे सगळे भावाकडून आणि महसूल खात्याच्या संदेशांतून फोनवरच कळत होते. त्या रात्रीत दुसऱ्या दिवशीच्या पेपरची वाट पाहण्यात काहीच अर्थ नव्हता. त्याच रात्री धरण फुटल्याची अफवाही फोनवरूनच आली आणि लोक उगाच घाबरले, हे खरे. तरीही पुराच्या, पावसाच्या, रस्ता बंद असल्याच्या सूचनेसाठी मी कोणालाही पेपरवर विसंबायला सांगणार नाही.

याच दिवसांतली एक तक्रार मी मनापासून नोंदवते. २२ सप्टेंबरला घटस्थापना होती आणि त्याच दिवशी वस्तू व सेवा कराचे कमी झालेले दर लागू झाले. परिणामी आमच्याकडे येणाऱ्या राज्यस्तरीय दैनिकाची पहिली काही पाने मोटारी, दूरचित्रवाणी संच आणि सदनिकांच्या जाहिरातींनी भरलेली होती. ज्या सकाळी निम्मा जिल्हा पुराच्या चिंतेत होता, त्या सकाळी वाचकाला पुराची बातमी शोधत जाहिरातींची पूर्ण पाने उलटावी लागली. अंकाची किंमत छपाईच्या खर्चाला पुरत नाही, वृत्तपत्राचा कागद मोठ्या प्रमाणावर परदेशातून येतो, २०१९ च्या अर्थसंकल्पात त्याच्यावर १० टक्के सीमाशुल्क लागले होते आणि पुढच्या वर्षी ते ५ टक्क्यांवर आले, ही सगळी पार्श्वभूमी मला माहीत आहे. जाहिरातीला माझा विरोध नाही. पण पहिले पान ही संपादकाने वाचकाला दिलेली ग्वाही असते की आज सर्वांत महत्त्वाचे हे आहे, आणि ती जागा अशा दिवशी विकणे मला अजूनही पटलेले नाही. जिल्ह्याच्या दैनिकाने त्याच दिवशी पहिल्या पानावर पूरच घेतला होता.

पूर ओसरल्यावर मात्र पेपरचे खरे काम सुरू झाले. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. फोनवर हा एकच आकडा दिवसभर फिरत राहिला, कोणी कौतुकाने तर कोणी रागाने तो पुढे पाठवत होते, पण माझ्या भावाला स्वतःच्या शेतासाठी काय मिळणार हे त्यातून कळत नव्हते. दुसऱ्या दिवशी पेपरात तक्ता आला: कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी १८,५०० रुपये, हंगामी बागायतीसाठी २७,०००, बागायतीसाठी ३२,५००, आणि मर्यादा तीन हेक्टरची. या रकमांमध्ये रब्बीच्या बियाण्यासाठीचे हेक्टरी १०,००० धरलेले आहेत की वेगळे, हा गावातला मुख्य संभ्रम होता. तो एका ओळीने मिटला. भावाने सांगितले की गावच्या दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर कोणीतरी तो तक्ता चिकटवला होता आणि तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा लोक त्याच्यावर बोट ठेवून प्रश्न विचारत होते. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा पुरात गेला, त्यांनाही ते वाचता आले.

सर्वांत महत्त्वाचा अनुभव सासूबाईंचा आहे. त्यांचे पेपर वाचणे ठरलेल्या क्रमाने चालते: आधी निधनवार्ता, मग पंचांग, मग शब्दकोडे, आणि दुपारी आडवे पडण्यापूर्वी आतल्या पानावरच्या जाहीर नोटिसा. नोटिसा कोणी वाचतात यावर माझा विश्वास बसला नसता. त्यांची भाषाही वकिली असते: ‘तमाम जनतेस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, तुकडी जिल्हा सोलापूर, पोटतुकडी तालुका बार्शी पैकी मौजे…’ अशी सुरुवात, पुढे गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आकार, चतुःसीमा, आणि शेवटी ठरलेली ओळ, की ‘कोणाचा हक्क, हितसंबंध, बोजा अथवा वारसा असल्यास १५ दिवसांचे आत लेखी हरकत नोंदवावी, तशी हरकत न आल्यास ती नाही असे समजून व्यवहार पूर्ण करण्यात येईल व मागाहून कोणाचीही तक्रार चालणार नाही.’ ऑगस्टमध्ये एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. “अगं, हे बघ. हा वैरागजवळचा आमच्या आबांचा गट आहे. पूर्वेला ओढा, पश्चिमेला तोच बांध. हा विकायला काढलाय की काय?”

गट त्यांच्या वडिलांचाच होता. सातबाऱ्यावर भावांची नावे लागली होती, बहिणींची लागलेली नव्हती, आणि खरेदी घेणाऱ्याच्या वकिलांनी प्रथेप्रमाणे नोटीस दिली होती. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे हे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाने स्पष्ट झालेले आहे. पण हक्क असणे वेगळे आणि तो पंधरा दिवसांच्या आत लेखी मांडणे वेगळे. आम्ही मुदतीत हरकत दिली. कात्रण अर्जाला जोडले, वर पेपरचे नाव आणि तारीख येईल असे कापून. वकिलांनी ती स्वीकारली, व्यवहार थांबला, आणि सध्या भाऊ-बहिणींचे एकत्र बसून वाटपाचे बोलणे चालू आहे. कोणी कोणावर रागावलेले नाही, हे मुद्दाम सांगते. ही नोटीस त्याच दिवशीच्या ई-पेपरमध्येही होती, परंतु मोबाइलच्या पडद्यावर एवढे बारीक अक्षर बोटांनी मोठे करून, नोटिसांचे पान मुद्दाम उघडून, कोण वाचत बसले असते?

त्यानंतर मी कायद्यांकडे थोडे लक्ष दिले. सार्वजनिक कामासाठी जमीन संपादनाची प्राथमिक अधिसूचना २०१३ च्या कायद्यानुसार त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत द्यावी लागते, आणि त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतले असावे लागते. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यातही तशीच तरतूद आहे. सुरत-चेन्नई महामार्ग आमच्या तालुक्यातून आखलेला असल्याने येथील शेतकऱ्यांना ती चांगली ठाऊक आहे. कर्जवसुलीसाठी बँकेने घराचा ताबा घेतला तर ती नोटीसही दोन दैनिकांत येते. म्हणजे तुमच्या घराविषयी आणि रानाविषयी सरकारने किंवा बँकेने काय ठरवले आहे हे तुम्हाला सांगण्याची एक जागा म्हणून कायदा आजही छापील पेपरकडे बोट दाखवतो. ज्या घरात पेपर येत नाही, त्या घरापर्यंत ही सूचना पोहोचेलच असे नाही, पण मुदत मात्र त्याच्यासाठीही चालू होते. पेपर बंद केलेल्या माझ्या सहकाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

आणखी एक बारीक ओळ मी आता रोज पाहते. शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे, अंक कोठे छापला आणि कोठून प्रसिद्ध केला हे दिलेले असते. १८६७ च्या कायद्याने ही ओळ बंधनकारक केली. तो कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा नोंदणी कायदा आला, तरी ओळ कायम आहे. चुकीचे छापले तर नोटीस कोणाच्या नावे काढायची हे त्या ओळीने ठरते. बातम्यांच्या संकेतस्थळांनाही २०२१ च्या नियमांनी तक्रार अधिकारी नेमायला लावले आहे, त्यामुळे तेथे कोणीच उत्तरदायी नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण आमच्या गावात बातम्या संकेतस्थळावरून कमी आणि कोणी कोणास पाठवलेल्या मजकुरातून जास्त येतात, आणि त्या मजकुराला धनी नसतो.

दोष आणखीही आहेत. बार्शीच्या शिवेला लागून धाराशिव जिल्हा आहे. परंडा, भूम येथील माणसे बाजाराला, दवाखान्याला, शिक्षणाला बार्शीतच येतात, आमच्या वर्गात तिकडची मुले आहेत, पण सोलापूर आवृत्तीत परंड्याची बातमी नसते. पाने जिल्ह्याच्या सीमेवर संपतात आणि माणसांचे व्यवहार तेथे संपत नाहीत. पुराच्या दिवसांत ही उणीव फार जाणवली, कारण पाणी तिकडूनच येत होते. बाजारभावाच्या बाबतीतही पेपर मागे आहे. २०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलमागे ५,३२८ रुपये असताना बाजार समितीत प्रत्यक्ष काय भाव निघाला हे आडत्याच्या फोनवर दुपारीच कळत असे, पेपरात दुसऱ्या दिवशी.

निवडणुकीच्या काळात तर डोळ्यांत तेल घालून वाचावे लागते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न देशभर गाजला होता आणि भारतीय प्रेस परिषदेच्या उपसमितीने २०१० मध्ये त्याच्यावर सविस्तर अहवाल तयार केला. २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास नगरपालिकेची निवडणूक समोर होती, आणि एकाच उमेदवाराविषयी दोन पेपरांत शब्दशः सारखा मजकूर आला की मी मुलाला दोन्ही पाने शेजारी ठेवून दाखवत असे. बातमी कोणती आणि जाहिरात कोणती हे ओळखण्याचे याहून चांगले शिक्षण मला वर्गातही देता आलेले नाही. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नाममात्र आणि पुरवणीसाठी जाहिराती आणण्याचे काम मात्र पुरेपूर, अशी जी रीत पडली आहे, ती बदलल्याशिवाय हा रोग हटणार नाही. त्याच वार्ताहराने प्रभाग रचनेवरच्या हरकतींची मुदत आणि सुनावणीची जागा वेळेवर छापली, म्हणून आमच्या आळीतल्या लोकांना हरकत देता आली, हेही त्याच्या नावावर जमा आहे.

मुलाच्या वाचनाचे म्हणाल तर फरक हळू पडला. तो अजूनही शेवटच्या पानापासून सुरू करतो. परंतु अग्रलेखातली लांब वाक्ये आता मध्येच सोडत नाही, आणि गावातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मोठी मुले पेपरवर रेघा ओढून वाचतात ते पाहून त्यानेही पेन्सिल हातात घेतली आहे.

२०२६ च्या जानेवारीपासून राज्यस्तरीय दैनिक फक्त शनिवार-रविवारी घ्यायचे आम्ही ठरवले, कारण त्यातले लेख आणि पुरवण्या वाचायला सवड तेव्हाच मिळते आणि रोजच्या घडामोडी फोनवर कळतातच. जिल्ह्याचे दैनिक रोज चालू राहील. विक्रेत्यांना तसे सांगून ठेवले आहे. ज्यांना दोन्ही परवडत नाहीत त्यांनी आपल्या जिल्ह्यात छापला जाणारा पेपर आधी लावावा, रद्दी घालण्यापूर्वी नोटिसांचे पान एकदा डोळ्यांखालून घालावे, आणि ज्यांना तेवढेही शक्य नाही त्यांनी गावच्या वाचनालयात जावे. शासनमान्य सार्वजनिक वाचनालयांत वृत्तपत्रे सर्वांसाठी खुली ठेवलेली असतात.